गाडी खोटी थाय छे

वांकानेरला मेल थांबली तसे आप्पाकाका पुन्हा उतरले.

"आता कुठं?" मी विचारलं.

"पाय मोकळं करून येतो."

पाय मोकळे करायला निघालेला माणूस तडक एसटीडीच्या बूथकडे चालत नाही. मी खिडकीच्या गजाला गाल लावून बघत राहिले. अहमदाबादलाही हेच झालं होतं. डब्याकडे पाठ, रिसीव्हरवर तळहात, आणि मान अशी आत घेतलेली की शेजारच्या चहावाल्यालाही एक अक्षर कळू नये. मेल हलायच्या बेताला आली तेव्हा ते हातात केळी घेऊन लगबगीनं चढले.

"कुणाला फोन?"

"घरला. पोचतोय म्हणून कळवलं."

"दादा काय म्हणाले?"

"काय म्हणणार? जपून या म्हणाले. केळं खा."

मी केळं सोललं. आमच्या घरचा फोन आठवडाभर बंद होता. तक्रार मीच नोंदवली होती, आणि निघेपर्यंत खात्याचा माणूस फिरकला नव्हता. म्हणजे काका धडधडीत खोटं बोलत होते, आणि तेही निवांतपणे, केळ्याची साल खिडकीबाहेर टाकता टाकता. माझा स्वभाव आधीच संशयी. लहानपणापासून ज्याला लोक एकतर कीव करून नाहीतर फसवून वागवतात, त्याचा होतोच. पण त्या दिवशी संशयाला फार कष्ट पडले नाहीत.

या गोष्टीला आता पंचवीस वर्षं होऊन गेली. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते आणि कराडात बँकेत कारकून होते. दोन वर्षांची असताना पोलिओनं डावा पाय गेला. तेव्हापासून मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर आणि खाली जड बूट. एवढ्यावर माझं कधी काही अडलं नव्हतं. अडलं ते बढती मिळाली तेव्हा. अधिकारी म्हणून ढेबेवाडीच्या शाखेत नेमणूक झाली. ढेबेवाडीला एसटी जाते, पण एसटीची पायरी माझ्यासाठी केलेली नाही. रोज दोन वेळा कुणीतरी काखेत हात घालून चढवायचं आणि उतरवायचं, हे मला मेल्याहून मेल्यासारखं होतं. मागून घेतलेली मुदत संपत आली होती आणि त्या सोमवारी हजर व्हायचं होतं. नाहीतर बढती पुढच्या माणसाला जाणार होती, आणि पुढचा माणूस आधीच पेढ्यांची चौकशी करत होता.

पुण्यात एक निवृत्त कॅप्टन होते. लढाईत त्यांचा डावा पाय गेलेला. त्यांच्या गाडीला क्लच डाव्या पायानं नाही, हातानं दाबायचा होता. गिअरच्या दांड्याला लागूनच एक छोटी दांडी, ती ओढली की झालं. सुट्ट्या टाकून मी त्यांच्याकडे गाडी शिकले, लायसन काढलं. ही दांडी नीट बसवणारा माणूस राजकोटात आहे, गाडीही तोच तिथल्या तिथे मिळवून देतो, असं त्यांनीच सांगितलं. मी कर्ज काढलं, पैसे भरले आणि नवीकोरी पांढरी गाडी राजकोटात माझी वाट बघू लागली.

आप्पाकाका म्हणजे दादांचे, माझ्या वडिलांचे, थोरले भाऊ. आमच्या घरात दादांचा शब्द दादासुद्धा पाळत नसत, पण आप्पाकाकांचा शब्द सगळे पाळत. गाडीचं निघाल्यापासून त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. "पोरीच्या जातीला मोटार कशाला? आधी लग्नाचं बघा. मोटार घेऊन काय करणार, एकटी फिरणार?" असं चार महिने चाललं. आणि मग एका संध्याकाळी ओट्यावर बसून, सुपारी कातरत, ते म्हणाले, "मीच जातो माणिकच्या संगं. मला गुजराती येती. तिला कोण फसवंल."

गुजराती त्यांना यायची हे खरं. सगळा जन्म गुजराती व्यापाऱ्याच्या तंबाखूच्या वखारीत गेला होता. पण जो माणूस काल गाडीच्या नावानं बोटं मोडत होता, तो आज स्वतःच्या खर्चानं राजकोटला निघतो, याचं दादांना कौतुक वाटलं आणि माझ्या मनात पाल चुकचुकली.

राजकोटात वशरामभाईंचं गॅरेज गोंडल रस्त्याला होतं. पुढे पत्र्याची मोठी शेड, मागे त्यांचं घर. वशरामभाई पन्नाशीचे, डोक्यावर टोपी, हाताला ऑइल. त्यांनी मला खुर्ची दिली आणि आप्पाकाकांना असा रामराम केला की जणू दोघांची जुनी ओळख.

"तुम्ही ओळखता यांना?" मी काकांना विचारलं.

"मी? छे. आत्ताच बघतोय."

शेडच्या कोपऱ्यात माझी गाडी उभी होती. मी उठून तिच्याभोवती फिरले. लोक मुलगी बघायला येतात तेव्हा जसे बघतात, तशी मी बघत होते. टायरवरचे रबराचे केस अजून तसेच आहेत का, दाराच्या फटीत रंग वेगळा तर नाही, सीटवरचं प्लॅस्टिक आधी काढून पुन्हा तर चढवलेलं नाही. काच खाली करून नाक आत घातलं. वास नव्याचाच होता, पण वासाचं काय, तोही बाटलीत मिळत असेल. मग माझी नजर गिअरच्या दांड्यावर गेली. तो एकटाच होता. शेजारी काही नव्हतं.

"दांडी कुठंय?" मी हिंदीत विचारलं. "लिवर? हाथ का क्लच?"

वशरामभाईंनी आप्पाकाकांकडे पाहिलं. आप्पाकाकांनी छताकडे पाहिलं.

"लग जाएगा, बेन," वशरामभाई म्हणाले. "थोडा बाकी है. आप बैठो ने. चाय पीओ."

"पर आपने कहा था तैयार है."

"हो जाएगा, हो जाएगा."

'हो जाएगा' हे शब्द मला आयुष्यात ज्यांनी ज्यांनी ऐकवले त्यांच्यापैकी कुणी काही केलेलं मला आठवत नाही. मी खुर्चीत बसले. समोर बाकीच्या गाड्या येत होत्या, त्यांची कामं होत होती, आणि माझ्या गाडीला कुणी हात लावत नव्हतं. वशरामभाई अधूनमधून माझ्याकडे बघत आणि नजर भिडली की पान्हा शोधायला लागत.

दुपार कलली तशी मी पाणी प्यायला माठाकडे गेले. माठ पत्र्याच्या भिंतीला लागून होता आणि भिंतीपलीकडे ते दोघं उभे होते. दोघंही गुजरातीत, हळू आवाजात. मला अर्धंमुर्धं कळत होतं. तेवढ्यात वशरामभाईंचा आवाज चढला.

"पण काका, गाडी खोटी थाय छे! बेनने कही दो ने!"

आणि आप्पाकाका घाईघाईनं, "हमणां नहीं, भाई. हमणां नहीं."

माझ्या हातातला पेला तसाच राहिला. गाडी खोटी. बेनला सांगून टाका. आत्ता नाही. यात न समजण्यासारखं काय होतं? गाडी खोटी होती. कुठली तरी ठोकलेली, रंग मारून नवी केलेली गाडी माझ्या गळ्यात बांधायची होती. परक्या वशरामभाईंना निदान लपवायची लाज वाटत होती. माझा सख्खा काका मात्र गुळणी धरून होता.

मी परत येऊन गाडीजवळ गेले. बॉनेट उघडायला लावलं. इंजिनाचा नंबर आणि कागदावरचा नंबर ताडून पाहिला, जुळला. चासीचा नंबर पाहायला जमिनीवर बसता येईना म्हणून एका कामगाराला वाचायला लावला, आणि तो खरं वाचतोय का हे पाहायला दुसऱ्याला. तोही जुळला. मला हायसं वाटायला हवं होतं. उलट वाटलं, किती पक्कं काम केलंय यांनी.

"काय शोधतीयास?" आप्पाकाका मागे येऊन उभे राहिले.

"खोट."

"असंल तर सापडंल की," ते म्हणाले आणि कपाळावरचा घाम पुसला. हवेत तसा काही उकाडा नव्हता.

तेवढ्यात वशरामभाईंच्या पत्नी, मंजूबेन, मला जेवायला बोलवायला आल्या. मला भूक नव्हती, पण काकांपासून दूर व्हायचं होतं म्हणून गेले. मागच्या घरात त्यांनी खुर्ची ओढली, मला पाय लांब करता यावा म्हणून समोर पाट ठेवला, आणि ताटात बाजरीचा रोटला, रिंगणांचं म्हणजे वांग्यांचं शाक, ताक वाढलं. वाढता वाढता ओशाळून म्हणाल्या, "अमे तमने बहु खोटी कर्यां, बेन."

मी घास खाली ठेवला. "मुझे खोटी किया? क्या मतलब?"

"सुबह से बिठा के रखा है ने. तमारो टाइम बिगाड्यो. खोटी कर्यां."

"खोटी मतलब... देर?"

"हां, देर. रुकना पडा ने."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. माझी आजी हाच शब्द दिवसातून चारदा वापरायची. बोळाच्या तोंडाशी कुणी गप्पा मारायला धरलं की म्हणायची, "सोड बाई, माझी खोटी हुतीया." तिच्याबरोबर तो शब्द आमच्या घरातून गेला आणि मी बँकेतली शहाणी बाई तो साफ विसरले. गाडीत काडीची खोट नव्हती. गाडी नुसती खोळंबली होती.

एक क्षण मला इतकं हलकं वाटलं की हसू आलं. आणि मग पुढचा प्रश्न समोर उभा राहिला आणि हसू गेलं.

"गाडी किसके लिए रुकी है?"

मंजूबेन गोंधळल्या. "तमारा काका का फोन आया था ने. तीन-चार दिन पहले. फिर रस्ते से भी आया. बोले, हाथवाळा क्लच मत लगाना, बेन को मैं समझा दूंगा. हमारे ये तो रोज उनसे पूछते हैं, लगाना है के नहीं, दूसरी गाडियां लाइन में हैं." मग माझा चेहरा पाहून हळूच, "तमने खबर नथी?"

मी हात धुतला आणि बाहेर आले. काका बाकावर बसून सुपारी कातरत होते.

"दांडी बसवू नका म्हणून तुम्ही सांगितलंत?"

अडकित्ता थांबला. त्यांनी नाही म्हटलं नाही, एवढं त्यांच्या बाजूनं सांगायला हवं.

"बस जरा. शांतपणे ऐक." त्यांनी बाकावर हात आपटून जागा दाखवली. मी उभीच राहिले. "बडोद्याला मोहिते म्हणून हायत. आपल्यातलेच. तीन पिढ्या तिकडंच. पोरगा चांगला शिकलेला हाय. उद्या दुपारी जाता जाता त्यांच्याकडं चहाला जायचं ठरलंय."

"बघायला."

"चहाला."

"आणि दांडीचं काय?"

"अगं, गाडी दारात उभी राहणार. समदी आत डोकावून बघणार. ती दांडी दिसली की पैल्यांदा तेच विचारतील. हितला एक डायवर घेऊ बडोद्यापतुर. दांडी काय, मागनं बसवता येती."

"कराडात बसवतो कोण?"

त्यांनी पुन्हा अडकित्ता चालवला.

"सोमवारी मला ढेबेवाडीला हजर व्हायचंय. दांडीशिवाय ती गाडी चालवणार कोण?"

त्यांनी अडकित्त्यातलं खांड तोंडात टाकलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मोहित्यांचा पोरगा चालवतो गाडी."

मला वाटतं त्या वाक्यानंतर मी त्यांच्यावर ओरडायला हवं होतं. पण मला राग यायच्या आधी भीती वाटली. माझं कर्ज, माझं लायसन, माझी बढती, पुण्यातले ते सगळे दिवस, यातलं काहीच या माणसानं मोजलेलं नव्हतं. त्यानं माझ्या गाडीत माझ्यासाठी मागची सीट ठरवून ठेवली होती. परक्या मुलखात एका टोपीवाल्याचे टायर तपासत मी दिवस घालवला, आणि चोर माझ्याच डब्यातून केळी खात आला होता.

"वशरामभाई," मी हाक मारली, "क्लच लगाइए. अभी."

वशरामभाईंनी काकांकडे पाहिलं.

"तिकडं बघू नका," मी मराठीतच म्हणाले. मग हिंदीत, "गाडी मेरी है."

"मी तुझ्या बापाच्या जागी हाय!" काका उठले.

"बाप घरी आहे. त्यानं तुम्हाला सोबत म्हणून पाठवलंय."

वशरामभाईंनी टोपी सारखी केली, आणि जन्माचं ओझं उतरल्यासारखे गाडीकडे धावले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. काका मागे बसले, दारावरची मूठ घट्ट धरून. दांडी नवी होती, थोडी कडक होती. सुरुवातीला दोनदा गाडीनं गचका खाल्ला आणि दोनदा मागून देवाचं नाव आलं. लिंबडी मागं पडली तशी ती माझ्या हाताला सरावली. मी आरशात बघायचे तेव्हा काका माझा डावा हात बघत असायचे. मी काहीतरी चुकावं याची वाट बघतायत, असं मला वाटत होतं.

अहमदाबाद मागे टाकल्यावर ते म्हणाले, "मी मोहित्यांना शबुद दिलाय, माणिक. नुसतं तोंड दाखवून जाऊ."

"जाऊ," मी म्हणाले.

त्यांना आश्चर्य वाटलं. मला मोहिते बघायचे नव्हते. या माणसानं माझ्या नावावर आणखी काय काय सांगून ठेवलंय, ते बघायचं होतं.

मोहित्यांचं घर बडोद्याच्या एका शांत गल्लीत होतं. गल्लीच्या तोंडाशीच काका पुढे वाकले. "हितंच लाव. कोपऱ्यावर."

"घर तर पुढं आहे."

"हितंच लाव म्हणतो ना. ऐक. मी आधी आत जातो. पोरगी दमलीया म्हणून सांगतो. समद्यांना मागल्या अंगणात नेतो काहीतरी निमित्त करून. तेवढ्यात तू ये आणि खुर्चीत बस. साडी खाली सोडून घे, बूट झाकला पायजे. ती मंडळी आली की उठू नको, बसल्या बसल्याच नमस्कार कर. पोहे त्यांच्याच घरातली कोणतरी देईल."

मी गाडी बंद केली. एवढं सविस्तर ठरवायला माणसाला किती रात्री जागावं लागलं असेल, हा विचार त्याही वेळी माझ्या मनात आला.

"त्यांना पायाचं माहीत नाही," मी म्हणाले.

त्यांनी दारावरची मूठ पुन्हा धरली.

"काका, त्यांना काय सांगितलंय?"

"बँकेत साहेब हाय म्हणून. घरची गाडी हाय म्हणून." त्यांचा आवाज बसला होता. "सुपारी फुटली की सांगणार हुतो."

"सुपारी फुटल्यावर."

"मग काय करू?" ते एकदम ओरडले आणि लगेच डोळे पुसू लागले. "आधी सांगून बघितलं की! किती घरं हिंडलो मी, तुझ्या बापाला पत्ता न्हाई. पायाचं नाव काढलं की चहा यायचा थांबतो, बघ. आतला माणूस बाहेर येत न्हाई. मी त्यांच्या ओट्यावर बसून राहायचो आणि ते घड्याळ बघायचे. एवढी हुशार पोरगी आमची, आणि एक जण आत या म्हणत न्हाई. मी म्हणलं, एकदा तरी कुणी तुला नीट बघू दे. एकदा तरी."

मी मागे वळून पाहिलं. आप्पाकाकांना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांची दया आली आणि त्यांचा रागही तेवढाच आला. दोन्ही एका वेळी येतात हे मला त्या दिवशी कळलं.

मी गाडी सुरू केली, दांडी ओढली, गिअर टाकला.

"माणिक, अगं थांब. माणिक!"

मोहित्यांच्या फाटकासमोर अगदी मधोमध गाडी उभी करून मी हॉर्न दिला. सगळे ओट्यावर आले. आई, वडील आणि त्यांच्यामागे तो मुलगा, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. मी दार उघडलं आणि आधी डावा पाय बाहेर काढला, बुटासकट, पट्ट्यांसकट. कॅलिपरची गुडघ्याजवळची कडी अडकवली. दाराला धरून उभी राहिले. मुलाच्या आईंची नजर माझ्या चेहऱ्यापर्यंत आलीच नाही.

"नमस्कार," मी म्हणाले. "मी माणिक डुबल. पायाचं सांगायचं काकांकडून राहिलं होतं, म्हणून आधी दाखवते."

वडिलांनी घसा खाकरला. आई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "या ना... बसा... म्हणजे, तसं काही नाही." त्यातलं 'या ना' इतकं हळू होतं की ते मला म्हटलं की स्वतःला, कळलं नाही. मुलगा मात्र पायऱ्या उतरून खाली आला. वाईट मुलगा नव्हता तो. त्याच्या तोंडावर खरोखरचा संकोच होता. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो गाडीकडे वळला, खिडकीतून आत वाकला, आणि त्याला ती दांडी दिसली.

"हे काय आहे?"

"क्लच," मी म्हणाले. "हातानं दाबायचा."

"अच्छा." त्यानं मान हलवली. मग अगदी सभ्यपणे, मला दुखवायचं नाही अशा बेतानं, त्यानं विचारलं, "पण हे काढता येत असेल ना? म्हणजे नंतर?"

एवढा वेळ मी ज्या जोरावर उभी होते, तो जोर त्या सभ्य प्रश्नानं काढून घेतला.

मागचं दार उघडलं. आप्पाकाका उतरले. धोतर सावरत गाडीला वळसा घालून आले आणि त्या मुलाच्या आणि खिडकीच्या मधे उभे राहिले. डोळे अजून लाल होते. मला वाटलं, आता हे हात जोडणार. येतं काढायला, एका तासाचं काम आहे, असं सांगणार. आदल्या दिवशी ती बसवूच नका म्हणणारे हेच तर होते.

"न्हाई येत," ते म्हणाले. "पाय हाय तो तिचा."

मग त्यांनी पुढचं दार उघडलं, माझ्या शेजारच्या सीटवर बसले, आणि मी आत बसेपर्यंत समोर रस्त्याकडे बघत राहिले.